एकाच बोअरच्या पाण्याचे दोन रिपोर्ट वेगळे का? पाण्यातले आयन कसे ओळखतात आणि कसे मोजतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यात शेतावरच्या घराला बोअरवेल आहे, काळ्या पाषाणातली. पाणी दोन लॅबमध्ये तपासून घेतलं. पहिल्या रिपोर्टमध्ये नायट्रेट १२, हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) ३४० आणि अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवण्याची ताकद) ३१०. दुसऱ्यात नायट्रेट ५३, हार्डनेस २८४ आणि अल्कलिनिटी २५५. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. खिशातला टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटर ४७५ दाखवतो, पण पहिल्या रिपोर्टात टीडीएस ५५२ लिहिलाय. दुसऱ्या लॅबला पाणी त्याच दिवशी भरलेल्या दुसऱ्या बाटलीतून गेलं, पण आठवड्याने. ती बाटली तोवर घरी फ्रिजमध्ये होती. घरात तीन महिन्यांचं बाळ आहे. विश्वास कोणावर ठेवायचा, आणि डोळ्यांना न दिसणारे हे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले विरघळलेले कण, लॅबवाले ओळखतात तरी कसे, हे विचारलंय.

आधी बाळाचं. नायट्रेटचा निकाल लागेपर्यंत या बोअरचं पाणी बाळाचं दूध कालवायला वापरू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकात हार्डनेसला २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० अशा दोन पायऱ्या आहेत, क्लोराइडला २५० आणि १०००. नायट्रेटला मात्र ४५ ही एकच मर्यादा आहे, वरची सवलत नाही. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं लिटरमागे उलट वाढतं.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते दोन्ही लॅबचा नायट्रेटचा आकडा बरोबर आहे आणि तो एकच आहे. पहिल्या लॅबने नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' लिहिलंय, दुसऱ्याने 'नायट्रेट म्हणून'. नायट्रेट आयनाचं वजन ६२, त्यातल्या नायट्रोजनचं १४. ६२ भागिले १४ म्हणजे ४.४३. बारा गुणिले ४.४३ केलं की ५३ येतात. पद्धत कोणतीही असो, काही लॅबची स्टँडर्ड द्रावणं (तुलनेसाठीची, माहीत प्रमाणाची) नायट्रोजनच्या हिशेबात बनवलेली असतात आणि आकडा तसाच रिपोर्टवर उतरतो. शेजारच्या रकान्यात मर्यादा मात्र ४५ छापलेली असते, म्हणून १२ हा आकडा अगदी निर्धास्त दिसतो. तो नायट्रोजन म्हणून असेल तर त्याची मर्यादा १० च्या जवळ येते आणि तुमचं पाणी तिच्या वर आहे.

पण नुसता गुणाकार जुळला एवढ्यावर मी हे म्हणत नाही. योगायोगानेही आकडे जुळतात. पुरावा त्याच रिपोर्टमध्ये आहे, आणि तो काढायला कुठलंही यंत्र लागत नाही.

पाण्याला स्वतःचा विद्युतभार नसतो. हातात बाटली धरली तर झटका बसत नाही. म्हणजे त्यात जितका धन भार विरघळलाय तितकाच ऋण भार असलाच पाहिजे. हा जमाखर्च निसर्ग कधी चुकवत नाही, लॅब चुकवू शकते. मिलिग्रॅममध्ये बेरीज करून हे दिसत नाही, कारण कॅल्शियम आणि सोडियम यांची वजनं वेगळी आणि भारही वेगळे. म्हणून प्रत्येक आयनाचे मिलिग्रॅम त्याच्या एका भारामागच्या वजनाने भागायचे: कॅल्शियम २०.०४, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८, फ्लोराइड १९, नायट्रेट ६२. येणाऱ्या आकड्याला मिलिइक्विव्हॅलंट म्हणतात. अल्कलिनिटी आणि हार्डनेस कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिहितात, त्यांना ५० ने भागायचं.

तुमच्या पहिल्या रिपोर्टवर हे करून बघू. कॅल्शियम ७२, म्हणजे ३.५९. मॅग्नेशियम ३९, म्हणजे ३.२१. (या दोघांची बेरीज ६.८०, गुणिले ५० केलं की ३४०. हार्डनेसचा आकडा आतल्या आत जुळला.) सोडियम ६२ म्हणजे २.७०, पोटॅशियम २ म्हणजे ०.०५. धन बाजू ९.५५.

ऋण बाजूला अल्कलिनिटी ३१०, म्हणजे ६.२०. रिपोर्टातल्या ७.२ पीएचला ती जवळजवळ सगळी बायकार्बोनेटची. क्लोराइड ७१ म्हणजे २.००, सल्फेट २४ म्हणजे ०.५०, फ्लोराइड ०.६ म्हणजे ०.०३. उरलं नायट्रेट. १२ हा आकडा नायट्रेट म्हणून धरला तर ०.१९, आणि ऋण बाजू ८.९२ वर थांबते. दोन बाजूंतला फरक भागिले त्यांची बेरीज, असं टक्क्यात काढलं तर ३.४. तोच १२ नायट्रोजन म्हणून धरला तर ०.८६ येतात, ऋण बाजू ९.५९ होते आणि फरक ०.२ टक्क्यांवर येतो.

इतक्या क्षारांच्या पाण्याला चांगल्या लॅबने २ टक्क्यांच्या आत असावं अशी अपेक्षा असते. पुष्कळ ठिकाणी ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, म्हणून ३.४ टक्के एकटे बघितले असते तर कुणी आक्षेप घेतला नसता. पण दुसऱ्या लॅबचा ५३ समोर आहे, गुणाकार जुळतोय आणि जमाखर्चही जुळतोय. तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकच गोष्ट निघत असेल तर मी ती मानतो. तरी पहिल्या लॅबला फोन करून 'नायट्रेट ॲज नायट्रोजन की ॲज नायट्रेट?' एवढं विचारून घ्या. चांगली लॅब लगेच सांगते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ओळखतात कसे. बारावीला विज्ञान शाखेत असाल तर सॉल्ट ॲनालिसिस केलेलं असेल. परीक्षानळीत पाणी, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, पांढरा गुठळ्या धरणारा साका (तळाशी बसणारा गाळ) आला, तो अमोनियात विरघळला, तर क्लोराइड. बेरियम क्लोराइडने पांढरा साका आला आणि ॲसिडमध्ये विरघळला नाही, तर सल्फेट. ताजं फेरस सल्फेट घालून नळी तिरकी धरायची, कडेने कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडं दिसलं तर नायट्रेट. पाठ करून परीक्षा दिली जाते आणि त्यातली खरी गोम निसटते. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका फक्त क्लोराइड देत नाही, कार्बोनेटही देतं. म्हणून आधी नायट्रिक ॲसिड घालायचं, कार्बोनेट फसफसून निघून जातं, आणि मग आलेला साका क्लोराइडचा. आयन ओळखणारा तो थेंब असतोच, पण त्याच्या आधी तुम्ही पाण्याचं काय केलंत यावर ओळख ठरते.

धन आयनांचे गट पाडतानाही हेच. हायड्रोजन सल्फाइड वायू ॲसिडमध्ये सोडला की तांबं, शिसं, पारा खाली बसतात. तोच वायू अमोनिया घालून सोडला की जस्त, मँगनीज, निकेल बसतात. वायू तोच. ॲसिडमध्ये सल्फाइड आयन अगदी थोडे असतात, म्हणून ज्यांचा सल्फाइड अत्यंत अविद्राव्य आहे तेवढेच खाली येतात. पीएच बदलला की निवड बदलते. ही एक गोष्ट ज्याला हाताने समजली त्याला पुढच्या महागड्या यंत्रांचंही निम्मं समजतं.

ओळखण्याची दुसरी वाट प्रकाशाची. सोडियमची ज्योत पिवळी, ५८९ नॅनोमीटरला. पोटॅशियमची फिकट जांभळी, पण सोडियम तिला झाकून टाकतं, म्हणून ती निळ्या कोबाल्ट काचेतून बघतात. बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० मध्ये जर्मनीतल्या ड्युर्कहाइमच्या झऱ्याचं पाणी आटवून त्याच्या ज्योतीचा वर्णपट बघितला, तेव्हा कुठल्याही माहीत मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या दोन निळ्या रेषा दिसल्या. सीझियम असं सापडलं, साध्या झऱ्याच्या पाण्यातून. तुमच्या रिपोर्टमधला सोडियमचा ६२ बहुधा त्याच तत्त्वावरच्या फ्लेम फोटोमीटरवरून आलाय: पाणी ज्योतीत फवारायचं, पिवळा उजेड किती पडला ते मोजायचं आणि माहीत असलेल्या स्टँडर्डशी ताडून बघायचं.

मोजण्याकडे येतो. हार्डनेस अजूनही बहुतेक ठिकाणी ईडीटीए या धातूंचे आयन गुंडाळून धरणाऱ्या रसायनाच्या टायट्रेशनने (थेंबाथेंबाने सोडून, किती लागलं ते मोजून) काढतात आणि मला ती पद्धत मनापासून आवडते, कारण सगळं डोळ्यांसमोर घडतं. पन्नास मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं. त्यात अमोनियाचा बफर (पीएच बांधून ठेवणारं द्रावण) घालायचा, पीएच १० होतो. मग एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगाची चिमूट. पाणी वाइनसारखं तांबडं होतं, कारण रंगाने मॅग्नेशियमला धरलंय. ब्युरेटमधून ईडीटीए सोडत जायचं. ते आधी सुटं कॅल्शियम गुंडाळतं, मग सुटं मॅग्नेशियम, आणि शेवटी रंगाच्या हातातलं मॅग्नेशियम काढून घेतं. त्या क्षणी पाणी निळं होतं. शेवट जवळ आला की तांबडं एकदम जात नाही, जांभळट छटा राहते. तिथे नवखा माणूस थांबतो. थेंबाथेंबाने, मध्ये काही सेकंद जाऊ देत, तांबड्याची शेवटची छटा जाईपर्यंत थांबायचं नाही. इथे घाई केली की आकडा कमी येतो. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १७ मिलिलिटर लागले, पन्नास मिलिलिटर पाणी होतं, म्हणून लिटरला ३४०. सरळ त्रैराशिक.

पीएच १० च का? कमी असेल तर ईडीटीए मॅग्नेशियमला नीट धरत नाही, शेवट पसरट होतो. फार जास्त असेल तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसतं. आणि गंमत अशी की कॅल्शियम एकटं मोजायचं असतं तेव्हा हाच दोष कामाला लावतात. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर नेला की मॅग्नेशियम स्वतःहून बाजूला होतं, मग म्युरेक्साइड हा दुसरा इंडिकेटर टाकून फक्त कॅल्शियम टायट्रेट करायचं. मॅग्नेशियम वजाबाकीने काढायचं. बफर घातल्यावर टायट्रेशन पाच मिनिटांत संपवायचं हेही लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर त्या पीएचला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागतं आणि मोजायचा माल हातातून निसटतो.

क्लोराइडची जुनी पद्धत मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, १८५० च्या दशकातली. पाण्यात पोटॅशियम क्रोमेट टाकायचं, पिवळं होतं, आणि सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. आधी पांढरं सिल्व्हर क्लोराइड बसतं. क्लोराइड संपलं की पुढचा थेंब क्रोमेटला धरतो आणि विटकरी छटा येते. पीएच ७ ते १० मध्येच हे जमतं. ॲसिड असेल तर क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, फार अल्कली असेल तर चांदी हायड्रॉक्साइडबरोबर बसते. या पद्धतीला ब्रोमाइड आणि आयोडाइड वेगळे दिसत नाहीत, ती त्यांनाही क्लोराइडच समजते. आपल्या विहिरींच्या पाण्यात ते इतके थोडे असतात की चालून जातं. समुद्राकाठी अचूक काम करायचं असेल तर हे विसरून चालत नाही.

नायट्रेटचा स्वभाव वेगळा. त्याचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे साका पाडून पकडायची सोय नाही. म्हणून बहुतेक लॅब त्याला अतिनील प्रकाशात बघतात, २२० नॅनोमीटरला. अडचण अशी की विरघळलेला सेंद्रिय माल, कुजलेल्या पानांचा, सांडपाण्याचा, तोही २२० ला प्रकाश शोषतो. म्हणून २७५ नॅनोमीटरला पुन्हा मोजतात, जिथे नायट्रेट शोषत नाही, आणि त्या आकड्याची दुप्पट वजा करतात. स्वच्छ बोअरच्या पाण्याला हे ठीक. नाल्याच्या किंवा तळ्याच्या पाण्याला मी या पद्धतीवर विसंबत नाही. तिथे कॅडमियमवरून पाणी नेऊन नायट्रेटचं नायट्राइट करून गुलाबी रंग मोजणं किंवा सरळ आयन क्रोमॅटोग्राफी, हे खात्रीचे मार्ग.

फ्लोराइडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण महाराष्ट्रात ज्या पाण्याने माणसांची हाडं आणि दात गेले त्यात या आयनाचा वाटा मोठा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत, जिथे जमिनीखाली ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत, तिथे ते १.५ च्या वर जातं. तुमच्याकडे ०.६ आहे, काळजी नाही. मोजायला लँथॅनम फ्लोराइडचा एकच स्फटिक बसवलेला इलेक्ट्रोड वापरतात, १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी काढलेला. स्फटिकातून फक्त फ्लोराइड सरकू शकतं, म्हणून तो जवळपास फक्त फ्लोराइडलाच ओळखतो. जवळपास अशासाठी की हायड्रॉक्साइड आकाराने आणि भाराने त्याच्यासारखंच आहे आणि अल्कलाइन पाण्यात तेच फ्लोराइड म्हणून मोजलं जातं. पीएच खूप खाली नेला तर फ्लोराइड हायड्रोजनला धरून हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं आणि इलेक्ट्रोडला दिसेनासं होतं. पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर तेही फ्लोराइडला धरून बसतं. या तिन्हींवर एकच उपाय, टायसॅब नावाचा बफर. तो पीएच ५ ते ५.५ ला बांधून ठेवतो, ॲल्युमिनियमला स्वतः धरून फ्लोराइड सोडवतो आणि सगळ्या नमुन्यांची एकूण क्षारता एकसारखी करतो. नमुना आणि बफर सारखेच घ्यायचे आणि स्टँडर्डलाही तेच प्रमाण द्यायचं.

इथे एक हिशेब नीट ध्यानात घ्या. फ्लोराइड दहापट झालं की इलेक्ट्रोडचा आकडा २५ अंशाला साधारण ५९ मिलिव्होल्टने बदलतो. म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे सुमारे ४ टक्क्यांची चूक. नमुना फ्रिजमधून काढून थेट मोजला, स्टँडर्ड मात्र टेबलावरचे कोमट, तर एवढी चूक सहज होते. रीडिंग स्थिरावायच्या आधी बटण दाबलं तरी होते. म्हणून फ्लोराइड दशांशानंतर तीन आकडे लिहिलेला रिपोर्ट दिसला की माझा त्या लॅबवरचा विश्वास वाढत नाही, कमी होतो.

एक ताळा बिनखर्चाचा आहे. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फार थोडं विरघळतं, त्यामुळे ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर तिथे फ्लोराइड फार चढू शकत नाही. जास्त फ्लोराइडचं पाणी बहुधा सोडियम आणि बायकार्बोनेटचं, कॅल्शियम कमी असलेलं असतं. कॅल्शियम २०० आणि फ्लोराइड १० असं एकाच कागदावर दिसलं तर मी आधी कागदावर शंका घेतो.

आता मोठ्या लॅबमधल्या यंत्रांबद्दल. आयन क्रोमॅटोग्राफी १९७५ मध्ये स्मॉल, स्टीव्हन्स आणि बाउमन यांनी मांडली. राळेच्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून पाणी ढकलायचं. प्रत्येक आयन राळेला कमीजास्त चिकटत जातो आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो: फ्लोराइड, क्लोराइड, नायट्राइट, ब्रोमाइड, नायट्रेट, फॉस्फेट, सल्फेट, साधारण या क्रमाने. पंधरावीस मिनिटांत सगळे ऋण आयन हातात. सुंदर यंत्र आहे. पण ते आयनाचं नाव सांगत नाही, वेळ सांगतं. पाचव्या मिनिटाला एक शिखर आलं एवढंच त्याला माहीत. ते क्लोराइड आहे हे आपण म्हणतो, कारण स्टँडर्डमधलं क्लोराइड त्या वेळेला आलं होतं. फ्लोराइडच्या जवळपास ॲसिटेट, फॉर्मेट येतात. शंका असेल तेव्हा त्याच नमुन्यात थोडं माहीत फ्लोराइड घालून पुन्हा सोडायचं. तेच शिखर तेवढंच वाढलं आणि बाजूला खांदा उमटला नाही, तर ओळख पक्की.

आयसीपी हे दुसरं मोठं यंत्र, आर्गॉनच्या प्लाझ्मामध्ये पाणी फवारून एकाच वेळी ढीगभर मूलद्रव्यं मोजणारं. पण प्लाझ्मात आयनाची ओळखच जळून जाते, मूलद्रव्य तेवढं उरतं. क्रोमियम किती ते कळतं. ते विषारी सहा भारांचं की तीन भारांचं हे कळत नाही. सहा भारांच्या क्रोमियमसाठी अजूनही डायफेनिलकार्बाझाइड टाकून जांभळा रंग ५४० नॅनोमीटरला बघावा लागतो. लोखंडाचंही तसंच. 'आमच्याकडे आयसीपी आहे' हे ऐकून लोक भारावून जातात. पण प्रश्न आयनाचा असेल तर उत्तर त्या एका यंत्रात नाही.

परत तुमच्या रिपोर्टवर. हार्डनेस ३४० चा २८४ कसा झाला? ५६ ने उतरला. अल्कलिनिटी किती उतरली? ५५ ने. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्याच मापात आहेत, आणि दोन्ही सारख्याच उतरल्या, यातच उत्तर आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पुष्कळ जास्त मुरलेला असतो. त्याच्या जोरावर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळून राहतात. बाटली अर्धवट भरली, वर हवा राहिली, की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाटलीच्या आतल्या बाजूला बसतं. आठवडा फ्रिजमध्ये ठेवल्याने बॅक्टेरियांचं काम मंदावलं असेल, पण हे थांबत नाही. एक कॅल्शियम गेलं की त्याबरोबर तेवढ्याच भाराची अल्कलिनिटी जाते, म्हणून दोन्ही आकडे हातात हात घालून उतरतात. तुमचे दोन पीएच बघा: पहिल्यात ७.२, दुसऱ्यात ८.०. दुसऱ्या रिपोर्टात कॅल्शियम साधारण २२ मिलिग्रॅमने कमी असेल आणि मॅग्नेशियम जवळपास पहिल्या रिपोर्टइतकंच. ती बाटली अजून असेल तर आतून बोट फिरवा, खरखरीत लागेल. त्यात व्हिनेगरचे थेंब टाकले तर बुडबुडे येतील.

म्हणजे दुसऱ्या लॅबने चूक केली नाही, तिच्याकडे आलेलं पाणीच बदललेलं होतं. तुमच्या बोअरचा हार्डनेस ३४० धरा. नायट्रेट आठवडाभर टिकलं ते फ्रिजमुळे. बाहेर उन्हात राहिलं असतं तर बॅक्टेरियांनी ते खाल्लं असतं आणि आकडा खोटा कमी आला असता. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून ४८ तासांच्या आत लावायचा, हा नियम त्यासाठीच आहे.

टीडीएस मीटरचा वाद लवकर मिटतो. तो मीटर टीडीएस मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि आत बसवलेल्या एका गुणकाने गुणतो. तुमच्या मीटरचा गुणक बहुधा ०.५ आहे, मिठाच्या द्रावणासाठीचा. ४७५ म्हणजे वाहकता ९५० च्या आसपास. एक ढोबळ ताळा आहे: वाहकता भागिले १०० केलं की धन आयनांच्या मिलिइक्विव्हॅलंटच्या जवळ यावं. ९.५ आले, आपली धन बाजू ९.५५ होती. मीटर वाहकता बरोबर दाखवतोय. पण बायकार्बोनेट वजनाने जड आणि वीज वाहायला मंद, शिवाय बेसाल्टमधून, म्हणजे तुमच्या काळ्या पाषाणातून, विरघळलेली सिलिका भाररहित असल्याने मीटरला दिसतच नाही. लॅबने पाणी आटवून वजन केलंय. त्यात आयनांची बेरीज, आटवताना निम्मं वजन गमावलेलं बायकार्बोनेट धरून, ५१० च्या आसपास येते आणि उरलेले चाळीसएक सिलिकाचे. ५५२ योग्य आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे पाणी मिठाच्या अंगाने जातं, तिथे हाच मीटर खऱ्याच्या जास्त जवळ जातो. आणि काहीही असो, त्या मीटरला नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यातलं काहीच वेगळं दिसत नाही. पाणी विकणारे आणि फिल्टर विकणारे दारात येऊन तो आकडा दाखवतात, त्यावरून पाणी पिण्याजोगं की नाही हे ठरवू नका.

आता पुन्हा नमुना घ्या, आणि असा घ्या. बोअर निदान दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपात उभं राहिलेलं पाणी निघून जाईल. एक लिटरची नवी प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा नको. पीएच आणि वाहकता बोअरजवळच मोजता आली तर उत्तम. लोखंड किंवा जड धातू बघायचे असतील तर त्याची बाटली वेगळी. लॅब त्यात नायट्रिक ॲसिड घालून देते. त्याच बाटलीतून नायट्रेट किंवा अल्कलिनिटी मागू नका. ॲसिडने अल्कलिनिटी संपते आणि नायट्रिक ॲसिड म्हणजे नायट्रेटच. तिसरी, लॅबने दिलेली निर्जंतुक बाटली बॅक्टेरियासाठी. नायट्रेट उसाला घातलेल्या युरियातून आलं असेल तर गोष्ट वेगळी, शेणाच्या उकिरड्यातून किंवा शोषखड्ड्यातून आलं असेल तर त्याबरोबर जंतूही असतात. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर असं दोनदा करा, कारण पावसाबरोबर शेतातलं नायट्रेट खाली उतरतं.

लॅबला देताना अर्जावरच लिहा: नायट्रेट 'नायट्रेट म्हणून' द्या, सोडियम आणि पोटॅशियम मोजूनच द्या. काही लॅब सोडियम न मोजता दोन बाजूंच्या फरकातून काढून लिहितात. तसं केलं की जमाखर्च नेहमीच शून्य फरकाने जुळतो आणि ताळ्याचा काही उपयोग राहत नाही.

नवा रिपोर्ट आला की वरची बेरीज स्वतः करून बघा. फरक २ टक्क्यांच्या आत आणि नायट्रेट ४५ च्या वर असेल तर आर.ओ. बसवावा लागेल, पण बसवल्यावर बाहेर येणाऱ्या पाण्याचं नायट्रेट वेगळं तपासा. पडदा सल्फेट आणि कॅल्शियम चांगलं अडवतो, नायट्रेट त्यामानाने जास्त सुटतं, आणि पडदा जुना झाला की टीडीएस मीटरवर फारसा फरक न दिसताही ते वाढत जातं.